राज्य एकट्याने बुडवता येतं का?

फिर्यादी: मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या मैदानावर पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन असे सगळे एकत्र उभे होते आणि निजामाला तहासाठी हात पुढे करावा लागला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याच पेशवाईचा धनी वसईत इंग्रजांच्या करारावर सही करतो. कंपनीची सहा हजारांची फौज कायमची पदरी घ्यायची, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा आणि दुसऱ्या सत्तांशी बोलणी इंग्रजांना विचारल्याशिवाय करायची नाहीत, असा तो करार. मध्ये आठ वर्षंही गेली नव्हती. एवढ्या काळात उत्तरेतून कुणी अब्दाली आला नव्हता, की पानिपतासारखी पिढी कापली गेली नव्हती. जे घडलं ते घरात घडलं. दुसरा बाजीराव गादीवर आला, दौलतराव शिंद्यांनी पुण्यात तळ ठोकला, सर्जेराव घाटग्यांनी १७९८ मध्ये पुण्याच्या सावकारांना आणि मुत्सद्द्यांना पकडून, मारहाण करून पैसा उकळला. १८०१ मध्ये विठोजी होळकरांना शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायाखाली दिलं. दीड वर्षाने त्यांचे भाऊ यशवंतराव फौज घेऊन हडपसरला आले, तेव्हा पेशवा पळाला तो थेट इंग्रजांच्या आसऱ्याला. ही माणसं नालायक होती आणि लाचखाऊ होती. त्यांनी राज्य बुडवलं असं म्हणायला आपण का कचरतो, हे मला कळत नाही.

शंकेखोर: कचरायचं कारण त्यांच्याबद्दलची दया नाही. बाजीरावाची बाजू घ्यावी असं त्याच्या कारभारात मला काही सापडत नाही. माझी अडचण वेगळी आहे. एका माणसाच्या नावावर सगळा दोष टाकला की चौकशी तिथेच थांबते. तो वाईट निघाला, चांगला निघाला असता तर राज्य टिकलं असतं, एवढाच धडा हाती लागतो, आणि त्याचा उपयोग कुणालाच होत नाही. वाईट माणूस गादीवर येणार, हे कुठल्याही राज्यात कधी ना कधी ठरलेलंच आहे. खरा प्रश्न असा की तो आल्यावर काय होतं? त्याला अडवणारं कुणी असतं का? आणि नसेल, तर ते कधीपासून नव्हतं? तुम्ही खर्ड्यापासून मोजायला सुरुवात केलीत. मला वाटतं, मोजणी बरीच मागून सुरू करावी लागेल.

फिर्यादी: मागून सुरू करू, माझी तयारी आहे. कारण मागे गेलं की माझीच बाजू बळकट होते. १७६१ मध्ये थोरले माधवराव गादीवर आले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. पानिपत नुकतंच झालं होतं, वडील खचून वारले होते, डोक्यावर कर्जाचा डोंगर होता, निजाम आणि हैदर दोघे टपलेले आणि घरात चुलता उठलेला. बाजीरावाला मिळालेलं राज्य त्या मानाने कितीतरी भरलेलं होतं. तरी माधवरावांनी अकरा वर्षांत निजामाला राक्षसभुवनला नमवलं, हैदरला मागे रेटलं, दिल्लीपर्यंत पुन्हा वचक बसवला, वेठीच्या जुलमाला आळा घातला आणि मरताना कर्ज फेडण्याची व्यवस्था लावली. ओझं तेच किंवा जास्त, पण माणूस वेगळा. मग व्यवस्था निर्णायक असते असं कसं म्हणता? व्यवस्था दोघांची एकच होती. फरक माणसात होता.

शंकेखोर: फरक माणसात होता, मान्य. पण माधवराव थेऊरला वारले ते नोव्हेंबर १७७२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. नऊ महिन्यांनी, ३० ऑगस्ट १७७३ ला, त्यांच्या धाकट्या भावाचा, नारायणरावांचा, शनिवारवाड्यात खून झाला आणि चुलता राघोबादादा पेशवा झाला. अकरा वर्षांचं एवढं कर्तृत्व नऊ महिन्यांसुद्धा टिकाव धरू शकलं नाही. जे राज्य एका माणसाच्या प्रकृतीवर उभं असतं, ते तो निरोगी असतानाही धोक्यातच असतं. माधवरावांचं मोठेपण मला कमी करायचं नाही. पण त्या मोठेपणाने दुखणं झाकलं, बरं केलं नाही.

फिर्यादी: तुम्ही १७७३ चं नाव काढलंत, तर त्याच प्रसंगावर थांबू. तिथेच तुमचा अडवणारा माणूस सापडतो. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि सत्तेवर बसलेल्या राघोबादादांना खुनाबद्दल दोषी धरलं. नोकरी, मान, जीव, सगळं पणाला लागलेलं असताना एका न्यायाधीशाने हे केलं. नाना फडणीस, सखारामबापू बोकील, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके ही मंडळी बारभाई म्हणून एकत्र आली. त्यांनी राघोबांना बाजूला सारलं, नारायणरावांच्या विधवेला पुरंदरावर सुरक्षित ठेवलं आणि तिच्या चाळीस दिवसांच्या मुलाच्या नावाने कारभार सुरू केला. राघोबा सुरतेला जाऊन इंग्रजांच्या गळ्यात पडले, तरी हे लोक सात वर्षं लढले. १७७९ मध्ये वडगावला त्यांनी मुंबईकर इंग्रजांकडून मानहानीचा करार लिहून घेतला, १७८२ मध्ये सालबाईला बरोबरीचा तह केला. म्हणजे वाईट पेशव्याला उतरवण्याची सोय याच राज्यात होती आणि ती चालली. १७९६ ला ती चालली नाही, कारण तशी माणसं उरली नव्हती. महादजी १७९४ मध्ये वानवडीला वारले, हरिपंत त्याच वर्षी, अहिल्याबाई १७९५ मध्ये. नाना उरले, पण थकलेले. व्यवस्था तीच, माणसं संपलेली. पुन्हा माणसांवरच येऊन थांबतो आपण.

शंकेखोर: इथेच मला तुमच्याशी बारकाईने बोलायचं आहे, कारण ही दोन सालं शेजारी ठेवली की सगळं प्रकरण उघडं पडतं. पेशवा नेमायचा अधिकार कुणाचा होता? साताऱ्याच्या छत्रपतींचा. पेशवाईची वस्त्रं तिथून यायची. १७७३ मध्ये राघोबांना वस्त्रं साताऱ्याहून मिळाली. पुढच्या वर्षी बारभाईंनी तान्ह्या सवाई माधवरावांसाठी वस्त्रं आणली, तीही साताऱ्याहूनच. १७९६ चा उन्हाळा आला, तेव्हा चिमाजीअप्पांना वस्त्रं मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांच्या थोरल्या भावाला, म्हणजे बाजीरावाला, मिळाली. एकाच वर्षात दोन सख्ख्या भावांना पेशवाई देणारं ते सिंहासन, मागेल त्याला वस्त्रं देण्यापलीकडे त्याच्या हाती काही उरलं नव्हतं. ही त्याची दशा बाजीरावाने केली का? शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात गेले आणि पुढच्या वर्षी सांगोल्याच्या करारात सगळा कारभार पेशव्यांनी स्वतःकडे घेतला. छत्रपती नावापुरते राहिले. तो कर्तबगारांचा काळ होता, आणि त्या कर्तबगारांनीच पेशव्याला जाब विचारू शकेल अशी एकमेव जागा रिकामी करून टाकली. तेव्हा ते कुणाला खुपलं नाही, कारण खाली बसलेला माणूस कामाचा होता. सेहेचाळीस वर्षांनी खाली बसलेला माणूस नालायक निघाला आणि वर पाहावं तर कुणीच नव्हतं.

फिर्यादी: हा मुद्दा वजनदार आहे, पण तो मला पुरता पटत नाही. सिंहासन रिकामं होतं १७७३ मध्येही. तरी बारभाईंनी राघोबांना उतरवलं. वरची जागा रिकामी असली, तर बाजूला उभी असलेली माणसं ते काम करू शकतात, एवढं तर सिद्ध होतं ना? मग १७९६ मध्ये त्याच नानांनी काय केलं ते पाहा. सवाई माधवराव गेल्यावर गादीचा प्रश्न सुटत नव्हता, तेव्हा ते महाडला जाऊन बसले आणि तिथून सगळ्यांशी सौदे केले. निजामाला खर्ड्यात गमावलेलं परत देण्याचे वायदे झाले. शिंद्यांना, भोसल्यांना कबुलाती दिल्या गेल्या. सगळ्या राज्याने मिळून मिळवलेला विजय दीड वर्षाच्या आत वारसाच्या भांडणात किंमत म्हणून मोजला गेला. भ्रष्टाचार यालाच म्हणतात, आणि तो करणारा बाजीराव नव्हता, नाना होते. म्हणून मी म्हणतो, माणसाला जबाबदार धरा, मग तो आपल्या आवडीचा असो वा नसो.

शंकेखोर: नानांना जबाबदार धरायला माझी हरकत नाही. फक्त त्यांचा अपराध नेमका कुठे होता ते ठरवू. माझ्या मते तो १७९६ च्या सौद्यांत कमी आणि आधीच्या वीस वर्षांत जास्त होता. बारभाई सुरू झाले तेव्हा ते मंडळ होतं. काही वर्षांत त्यातला एकेक गळत गेला. सखारामबापूच कैदेत पडले. उरले एकटे नाना. तान्हा पेशवा एकविसाव्या वर्षी गेला तोवर त्याच्या हाती खरा कारभार असा आलाच नव्हता. आणि राघोबांचे मुलगे? बाजीराव वाढला तो नजरकैदेत. वीस वर्षांचा होईपर्यंत राज्य कसं चालतं ते त्याने पाहिलं नाही. पाहिलं ते एवढंच की आपल्या बापाचं काय झालं आणि आपल्यावर पहारा कुणाचा आहे. असा माणूस गादीवर आल्यावर कुणावरच विश्वास ठेवणार नाही, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. १७७३ ला जी सुधारणा झाली, तिची कुणी रीत केली नाही. पेशवा चुकला तर कुणी, कसं, कुणापुढे उभं राहायचं, हे कुठेही ठरलं नाही. ती एका प्रसंगाची हिंमत राहिली. दुसऱ्या वेळी तीच माणसं तीच हिंमत दाखवतील, या भरवशावर राज्य चालत नाही.

फिर्यादी: ठीक. पण लाचलुचपतीचं काय? आपण बोलतोय गादीबद्दल, आणि रयतेला गादी कधी दिसत नव्हती. तिला दिसायचा मामलेदार. बाजीरावाने महाल मक्त्याने द्यायला सुरुवात केली. जो जास्त बोली लावेल त्याला वर्षाचा वसूल. पुढच्या वर्षी तो महाल आपल्याकडे राहील की नाही हे मक्तेदाराला माहीत नाही, म्हणून तो वर्षाच्या आत जेवढं निघेल तेवढं काढतो. तो पुढे पोटमक्ते देतो, ते पाटलाला धरतात, पाटील सावकाराकडून उचल घेतो आणि गावावर बसवतो. जो जास्त पिळेल त्याचीच बोली पुढच्या वर्षी मोठी. जो रयतेला सांभाळेल त्याचा महाल जातो. चांगल्या माणसाला हुसकून लावणारी ही पद्धत होती. एल्फिन्स्टनने राज्य घेतल्यावर १८१९ मध्ये लिहिलेल्या अहवालात तिचं वर्णन आहे. तो शत्रूचा माणूस म्हणून त्याला बाजूला ठेवा हवं तर. पण लोकहितवादी तर आपले. त्यांचे वडील बापू गोखल्यांच्या पदरी होते, म्हणजे हे घर आतलं. त्यांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये पत्रं लिहून बाजीरावाच्या कारभारावर जो कोरडा ओढला, तसा कुठल्या इंग्रजाने ओढला नसेल.

शंकेखोर: एल्फिन्स्टनला बाजूला ठेवायची गरज नाही, कारण त्याच अहवालात माझ्या कामाची एक गोष्ट आहे. गावाच्या आणि महालाच्या हिशेबात दरबारखर्च नावाची बाब असायची. वरच्या मुत्सद्द्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना द्यायचं ते त्यात बसवायचं, आणि जे अगदी गुपचूप द्यायचं त्याला अंतस्थ म्हणायचे. हे बाजीरावाने आणलेलं नाही. नानांच्या कडक काळातही ते होतं. म्हणजे लाच आधीही होती, आणि राज्य तरी वाढत होतं. मग १८०० नंतर असं काय बदललं? पूर्वी मामलेदारावर दरकदार असायचे. दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार असे वतनी अधिकारी. मामलेदाराला त्यांना काढता यायचं नाही, आणि त्यांच्या शिक्क्यानिशाणीशिवाय त्याचा कागद पुरा व्हायचा नाही. हिशेब पुण्याच्या दफ्तरात जायचा, तिथे तो ताडून पाहिला जायचा. दरकदारही लाच खात असतील. पण मामलेदाराने किती खाल्लं हे त्यांना ठाऊक असायचं आणि वर कळवण्यात त्यांचा फायदा असायचा. मक्ता आला की हे सगळं निरर्थक झालं. ठरलेली रक्कम आधीच भरली आहे, मग हिशेब कुणी आणि कशासाठी तपासायचा? लाच घेऊन काम करणं वाईटच. पण काम करण्याची जागाच विकली की त्या कामावर देखरेख करण्याची गरज संपते. पहिल्या रोगाने राज्य अशक्त होतं, दुसऱ्याने ते आंधळं होतं. आपल्या मुलखात काय चाललं आहे हेच त्याला कळेनासं होतं.

फिर्यादी: हा फरक मला मोलाचा वाटतो आणि मी तो घेतो. पण तो घेऊनही विचारतो, जागा विकायचा निर्णय कुणाचा? दरकदारांना निरर्थक कुणी केलं? हातात पैसा नाही म्हणून जो हे करतो, त्याच्यापुढे दुसरा रस्ता होता की नाही? माधवरावांपुढेही कर्ज होतं. त्यांनी मक्ते वाटले नाहीत.

शंकेखोर: रस्ता होता, पण अरुंद होता. बाजीरावाने पेशवाईच उधारीवर घेतली होती. दौलतरावांनी पाठिंबा दिला तो काही कोटींच्या कबुलातीवर. आणि दौलतरावांना ते पैसे ताबडतोब हवे होते, कारण महादजींनी द बॉइनच्या हाताखाली उभी केलेली कवायती पायदळं महिन्याच्या महिन्याला रोख पगार मागायची. जुना शिलेदार सरंजामावर, लुटीवर, थकबाकीवर वर्षभर दम धरायचा. कवायती पलटण धरत नाही. सर्जेरावांची पुण्यातली लूट ही त्या पगाराची वसुली होती. इंग्रजांशी बरोबरी करायला नवी फौज हवी, नव्या फौजेला रोख पैसा हवा, आणि रोख पैसा उभा करणारी यंत्रणा मात्र जुनी. कंपनीकडे रोख पैसा उभा करण्याची सोय होती. तिला काशीचे, सुरतेचे देशी सावकार कर्ज द्यायचे, कारण व्याज वेळेवर मिळायचं. ज्या सावकाराला पुण्यात दोरीने बांधून पैसे मागितले जात होते, त्याच्या जातभाईला कंपनी कागद लिहून देत होती. १८०३ च्या युद्धात शिंद्यांचा सरसेनापती पेराँ इंग्रजांना शरण गेला आणि आपली दौलत घेऊन निघून गेला. पाठोपाठ कितीतरी गोरे अधिकारी फुटले. होळकर त्या युद्धात सुरुवातीला अलगच राहिले. असईला, लासवारीला शिंद्यांचे शिपाई आणि गोलंदाज मरेपर्यंत लढले. कमी पडले ते शिपाई नव्हेत.

फिर्यादी: तुम्ही कंपनीचं नाव काढलंत, तेव्हा एक गोष्ट बोललीच पाहिजे. कंपनी काय स्वच्छ होती? क्लाइव्हने बंगालात किती कमावलं ते जगाला ठाऊक आहे. १७७० च्या दुष्काळात बंगालची माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली आणि वसुली चालूच राहिली. हेस्टिंग्जवर तर त्यांच्याच पार्लमेंटने खटला भरला. भ्रष्टाचाराने राज्य बुडत असेल, तर आधी कंपनी बुडायला हवी होती.

शंकेखोर: बुडतच होती. १७७२ मध्ये तिचं दिवाळं वाजायची वेळ आली आणि तिला सरकारकडे कर्ज मागायला जावं लागलं. फरक त्यानंतरचा आहे. तिच्या वर कुणीतरी होतं. १७७३ चा कायदा आला. साल लक्षात घ्या, त्याच वर्षी आपल्याकडे नारायणराव मारले गेले. १७८४ मध्ये दुसरा कायदा आला, कॉर्नवॉलिसने पगार वाढवले आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांचा खासगी व्यापार बंद केला. हेस्टिंग्जचा खटला १७८८ ते १७९५ चालला. तो सुटला, पण गव्हर्नर जनरललाही सात वर्षं पिंजऱ्यात उभं राहावं लागतं, हे पुढच्या प्रत्येकाने पाहिलं. आणि सर्वांत बोलकी गोष्ट १८०५ ची. ज्या वेलस्लीने म्हैसूर घेतलं, वसईचा तह घडवला, शिंदे-भोसल्यांना हरवलं, त्याला कंपनीने परत बोलावलं, कारण खर्च हाताबाहेर चालला होता आणि होळकरांशी चाललेलं युद्ध आवरत नव्हतं. जिंकणाऱ्या माणसाला ते उतरवू शकत होते. आपण हरणाऱ्याला उतरवू शकलो नाही. तो १८१८ च्या जूनमध्ये स्वतःच माल्कमच्या स्वाधीन झाला, आठ लाखांचं पेन्शन घेतलं आणि १८५१ पर्यंत बिठूरला राहिला.

फिर्यादी: पण थांबा. कंपनीची ती सुधारणा कुणासाठी होती? लंडनच्या भागधारकांसाठी, तिथल्या सरकारसाठी. बंगालच्या मेलेल्या माणसांनी कुणाला जाब विचारला? आपल्या नोकरांची चोरी पकडणारी व्यवस्था न्यायी असतेच असं नाही. ती फक्त टिकाऊ असते. राज्य टिकलं म्हणून ते चांगलं, असं तुम्ही म्हणत असाल तर तिथे मी तुमच्या बाजूने येणार नाही. शिवाय तुमच्या बोलण्यात एक पेच आहे. १७७३ ला बारभाई उभे राहू शकले ते का? तर त्यांतल्या आणि त्यांच्या मागच्या सरदारांच्या हाती स्वतःची फौज आणि सरंजाम होता. पेशव्याच्या मर्जीवर त्यांचं पोट नव्हतं. पेशव्याला नाही म्हणण्याचं बळ तिथून आलं. आणि त्याच स्वतंत्र बळाने पुढे शिंदे-होळकर एकमेकांवर उठले, पुणं लुटलं गेलं, राज्य फाटलं. सगळी सत्ता एका हातात दिली तर वाईटाला अडवायला कुणी नाही. ती वाटून दिली तर सगळे एकमेकांना फाडतात. या दोन्हींतून वाट कोणती?

शंकेखोर: तुम्ही घातलेला पेच खरा आहे, आणि त्याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच दिसतं की ज्यांच्याकडे नाही म्हणायचं बळ आहे, त्या सगळ्यांना बांधणारी एखादी जागा वर लागते. ती कुणाच्या खिशात नसावी आणि पोकळही नसावी. सातारा ती जागा होऊ शकला असता. ती पोकळ केली ती राज्याच्या ऐन भरात, यशस्वी माणसांनी, आणि कामं झटपट व्हावीत म्हणून. त्यामुळे मला वाटतं, राज्यकर्ता चांगला असतानाच विचारायला हवं की उद्या याला कोण थांबवू शकेल? तेव्हा विचारलं तर लोक कृतघ्न म्हणतात. नंतर विचारलं तर उपयोग नसतो.

फिर्यादी: हा प्रश्न मी आता सोडणार नाही. पण माझाही एक तुमच्याकडे ठेवतो. मक्त्याच्या प्रत्येक कागदावर कुणाची तरी सही होती. सावकाराला बांधणाऱ्या दोरीला कुणाचा तरी हात होता. दरबारात त्या दिवशी रामशास्त्र्यांच्या जागेवर कुणीतरी बसलेलं होतं आणि ते गप्प राहिलं. अशा प्रत्येकाला व्यवस्थेच्या आड लपू दिलं, तर तुमची ती वरची जागा उभी केली तरी तिच्यावर बसायला माणूस मिळणार नाही.

शंकेखोर: आणि त्या माणसाच्या पाठीशी काही उभं केलं नाही, तर तो एकदाच बसेल. दुसऱ्यांदा बसायला कुणी येणार नाही. रामशास्त्री पुन्हा का झाले नाहीत, याचं उत्तर तुमच्या प्रश्नात किती आणि माझ्या प्रश्नात किती, हे मला अजून वेगळं करता येत नाही.